मानमोडी: एक शब्द आणि सामुदायिक कुक्कुटपालनाचा हिशेब

कोंबड्यांच्या ज्या रोगास पशुवैद्यक राणीखेत म्हणतात, त्यास महाराष्ट्रातील खेड्यांत मानमोडी हे नाव रूढ आहे. ही दोन नावे केवळ पर्यायी नव्हेत. ‘राणीखेत’ हे कुमाऊँमधील गावावरून पडलेले स्थलवाचक नाव होय. त्याच रोगाचे ‘न्यूकॅसल’ हे नावही १९२६ साली इंग्लंडातील त्या शहराजवळ झालेल्या उद्रेकावरून आले. ‘मानमोडी’ मात्र लक्षणवाचक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीसही मराठी भाषकांनी हाच शब्द योजला होता. अर्थात हा शब्द एका विशिष्ट रोगाशी बांधलेला नसून दिसणाऱ्या लक्षणाशी बांधलेला आहे. अभ्यासकास हा अर्थविचार वाटेल. परंतु एखाद्या बचत गटाने दोनशे कोंबड्या सामाईक पाळल्या असतील, तर त्यावर गटाची सारी पुंजी अवलंबून असते.

राणीखेत रोगात मान पिळवटणे हे बहुधा उशिरा दिसणारे चिन्ह आहे. तत्पूर्वी पक्ष्यास धाप लागते, हिरवट हगवण होते, अंडी घटतात. मान वळेपर्यंत रोग कळपात पसरलेला असतो आणि त्यावर औषध नाही. पूर्वी दिलेली लस हाच उपाय. उलटपक्षी, खाद्यात थायमिन किंवा ई जीवनसत्त्व कमी पडले तरीही, विशेषतः पिलांत, मान वाकडी होते. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन निराळे दोष येतात. ‘मानमोडी आली’ असे एकदा म्हटले की खाद्याची चौकशी तेथेच थांबते.

खाद्यावर एकूण खर्चाच्या साधारण ६० ते ७० टक्के रक्कम जाते, म्हणून काटकसरीचा विचार प्रथम तेथेच होतो. परंतु बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड स्वस्तात घेतल्यास बुरशीच्या विषाने यकृत बिघडते, प्रतिकारशक्ती खालावते आणि दिलेली लसही पुरते काम करीत नाही. अशा रीतीने खाद्यात वाचलेला पैसा मरतुकीच्या रूपाने जातो. खरी बचत अन्यत्र आहे. अंडी देणारी कोंबडी दिवसास सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. दोनशे कोंबड्यांना महिन्यास ६६० किलो लागते. त्यातील ५ टक्के सांडले, तर गट अस्तित्वात नसलेल्या दहा कोंबड्या पोसतो. भांडे पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर टांगावे व अर्धेच भरावे, एवढ्याने पुष्कळ नासाडी टळते.

सामुदायिकतेचा लाभ व धोका, दोन्ही येथे स्पष्ट होतात. लसीच्या एका कुपीत शेकडो पक्ष्यांपुरती मात्रा असते आणि ती कालवल्यावर थोड्या वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरास हे परवडत नाही, गटास परवडते. मात्र एकत्र घेतलेले खाद्य फार दिवस साठविले तर बुरशी धरते, आणि प्रत्येक सभासदाच्या पायांबरोबर रोग आत येऊ शकतो. म्हणून साठा थोडा व कोरडा असावा, खुराड्यात जाणारी माणसे ठरलेली असावीत, नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत.

मरतुक अचानक वाढल्यास नाव ठरविण्याचे काम प्रयोगशाळेवर सोपवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथील बर्ड फ्लूचा, भारतातील पहिल्या उद्रेकाचा, निर्णय भोपाळच्या प्रयोगशाळेने दिला. केवळ लक्षणे पाहून तो देता आला नसता.

लोकभाषेतील शब्द टाकून द्यावा, असे येथे सुचवावयाचे नाही. त्या शब्दाने लक्षण अचूक टिपले आहे. कारण सांगण्याचे ओझे मात्र आपण त्यावर लादतो. गटाच्या वहीत ‘मानमोडी’ या एका शब्दाऐवजी रोज दोन रकाने भरले जावेत: पक्ष्यांत काय दिसले, आणि त्यांनी काय व किती खाल्ले. रोगाचा व खाद्याचा हिशेब एकाच पानावर आला, म्हणजे मान वळण्यापूर्वीच पुष्कळ गोष्टी ध्यानात येतील.