मोटारीचा दिवा का विझतो?

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या जुन्या मोटारीचा दिवा गगनबावड्याच्या पावसात विझला, तर जीव टांगणीला लागतो. दोष मात्र बहुधा क्षुल्लक असतो. पुढचे दोन्ही दिवे गेले असल्यास प्रथम फ्यूज व कळ तपासावी. एकच गेला असल्यास बल्ब. बल्ब बदलूनही अंधारच राहिला, तर संशय गंजावर घ्यावा. विद्युत्प्रवाह बॅटरीकडे परततो तो गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून; दिव्याच्या बैठकीला गंज चढला की ती वाट अडते. बैठक व सांगाड्याचा स्वच्छ भाग तारेने जोडून पाहावा. दिवा उजळल्यास गंज खरवडून काढावा. ६ व्होल्टच्या गाडीत तितक्याच शक्तीच्या दिव्याला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तेथे थोडा गंजही भोवतो. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार मात्र कदापि घालू नये. दिव्याऐवजी मोटारच पेटावयाची!