अनुदान कसणाऱ्याला की जमिनीला?

शेतमालाचा भाव कोसळला की सरकारने शेतकऱ्याला हात द्यावा, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो ही मदत मोजायची कशावर, याचा. अमेरिकेने 1933 च्या कृषी कायद्यापासून या प्रश्नाची अनेक उत्तरे देऊन पाहिली. सध्याची व्यवस्था 2014 च्या कायद्यातून आली असून आयोवासारख्या मक्याच्या मुलखातल्या कुठल्याही काउंटीत ती पाहायला मिळते. तिथे मदत यंदाच्या पेऱ्यावर मिळत नाही. ती ‘बेस एकर’वर, म्हणजे पूर्वीच्या पेऱ्यावरून जमिनीच्या नावे नोंदलेल्या क्षेत्रावर मिळते. या योजनेचे मोठे दोष या एकाच मोजपट्टीतून निघतात.

हिशेबच मांडून पाहू. शेतकऱ्यापुढे मुख्य पर्याय दोन. पहिल्यात बाजारभाव कायद्याने ठरवलेल्या ‘संदर्भ भावा’खाली गेला की फरक सरकार भरते. 2016 च्या पिकासाठी मक्याचा संदर्भ भाव बुशेलला, म्हणजे सुमारे 25 किलोला, 3.70 डॉलर होता. देशातला सरासरी भाव 3.36 डॉलरवर उतरला. फरक 34 सेंटचा. समजा, एखाद्या शेताचे 100 बेस एकर आहेत आणि एकरी नोंदलेला उतारा 130 बुशेल आहे. मदत 85 टक्के क्षेत्रावरच मिळते. म्हणजे 85 गुणिले 130 गुणिले 34 सेंट, असे कपातीपूर्वी 3,757 डॉलर होतात. त्या रानात त्या वर्षी मका होता, सोयाबीन होते की काहीच नव्हते, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही. दुसरा पर्याय काउंटीच्या सरासरी एकरी उत्पन्नावर चालतो. एकट्याचे पीक गारपिटीने झोपले पण काउंटीची सरासरी टिकली, तर त्याला यातून छदामही मिळत नाही. सरासरी घसरली, तर ज्याचे भरघोस पिकले त्यालाही पैसे मिळतात.

आता हे पैसे जातात कुठे? आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. रोख खंड असेल तर कायद्याने मदत कसणाऱ्याला मिळते. पण पुढचा खंड ठरवताना मालक ती हिशेबात धरतो. अर्थतज्ज्ञ बॅरेट कर्वन यांच्या 2009 च्या अभ्यासानुसार अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे 25 सेंट खंडवाढीतून मालकाकडे जातात. उरलेले 75 सेंट कसणाऱ्याकडे राहतात, हे खरे. पण ज्याचे क्षेत्र मोठे त्याचा वाटाही मोठा. माणशी 1,25,000 डॉलरची मर्यादा होती, पण कुटुंबातल्या एकेका सदस्यामागे ती वाढत जाते आणि 2018 च्या कायद्याने त्या कुटुंबात चुलत-मावस भावंडे, भाचे, पुतणेही बसवले. 2025 मध्ये मर्यादा 1,55,000 डॉलरवर गेली आणि मक्याचा संदर्भ भाव 4.10 डॉलरवर.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मदत पेऱ्यापासून तोडली ती जाणूनबुजून. पेऱ्याशी बांधली तर शेतकरी बाजार न पाहता अनुदान पाहून पेरतो, उत्पादन फुगते आणि त्याचा फटका इतर देशांना बसतो. अमेरिकी कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. 2014 च्या तडजोडीत अमेरिकेने त्याला 30 कोटी डॉलर दिले. आक्षेप रास्तच आहे. पण पेऱ्यापासून तोडलेली मदत जमिनीलाच चिकटवली पाहिजे, असे त्यातून निघत नाही. ती प्रत्यक्ष कसणाऱ्या माणसाला, ठरावीक कमाल रकमेपर्यंत देता येते. शेतीतली जोखीम मोठी असते, हा दुसरा युक्तिवाद. पण पीकविम्याच्या हप्त्याचा निम्म्याहून अधिक भार अमेरिकी सरकार आधीच उचलते.

महाराष्ट्राने यातून घेण्यासारखे आहे. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये ज्याच्या नावे जमीन आहे त्याच्या खात्यात जातात. 1948 च्या कूळ कायद्याच्या धास्तीने बटई तोंडी ठरते आणि बटईदार कागदावर येतच नाही. भावांतराची कोणतीही योजना आखण्याआधी, मालकाच्या हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याचे नाव नोंदवण्याची सोय सरकारने करावी. ती नोंद होत नाही तोवर भावफरकाची रक्कम सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळत राहील.