मालट्रकला मिश्रधातूची चाके बसविताना टायरदाब संवेदकांचा विचार : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुणे-बंगळूरु राष्ट्रीय महामार्ग क्र. 48, म्हणजे पूर्वीचा क्र. 4, सातारा, कराड व पेठ नाका या मार्गाने जातो. उसाचा गळीत हंगाम, सांगलीची हळद आणि तासगावची द्राक्षे यांमुळे या मार्गावर मालट्रकची मोठी वर्दळ असते. ट्रकची पोलादी चाके, गॅरेजच्या भाषेत 'डिस्क', काढून ॲल्युमिनियम मिश्रधातूची चाके बसविली म्हणजे प्रत्येक चाकामागे साधारणपणे 15 ते 20 किलो वजन वाचते. हा बदल बहुधा वजनाच्या व दिसण्याच्या अंगानेच पाहिला जातो. टायरच्या आत दाबाचा संवेदक, म्हणजे सेन्सर, बसविण्याची सर्वांत सोयीची वेळ तीच असते, ही बाब मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात तिचे विवेचन केले आहे.

जोडचाकांतील आतले चाक :
टायर हातोडीने ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची चालकांची रीत जुनी आहे. बाहेरच्या चाकापुरती ती काही अंशी उपयोगी पडते. मागील आसावरील जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली, तर त्याचा भार शेजारचा टायर उचलतो व गाडी सरळ उभी दिसते. मऊ झालेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, आतून तापते आणि अखेरीस टायर फुटतो. खंबाटकी घाटासारख्या उतारावर ब्रेकची उष्णता रिमपर्यंत पोचत असल्याने हा धोका वाढतो.

दाबमापक वापरूनही फसगत होऊ शकते. टायर थंड, म्हणजे 27 अंश सेल्सिअसला, असताना हवा 110 पौंड हवी असे समजू. प्रत्यक्षात ती 96 पौंड असेल आणि धावून आतील हवा 67 अंशांपर्यंत तापली, तर मापकावर सुमारे 110 हाच आकडा दिसतो. धाब्यावर उतरून हवा तपासणारा चालक निर्धास्त होतो. दाबाबरोबर तापमानही कळविणारा संवेदक येथे खरा उपयोगी ठरतो.

चाक बदलताना :
ट्यूब असलेल्या टायरमध्ये आतला संवेदक बसविता येत नाही. तेथे व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसविण्याचा संवेदकच घ्यावा लागतो. त्याचे वजन व्हॉल्व्हवर पडते आणि आतल्या चाकासाठी नळी जोडावी लागल्यास गळतीची आणखी एक जागा तयार होते. ट्यूबलेस टायर व मिश्रधातूचे चाक असेल, तर संवेदक व्हॉल्व्हच्या बुडाशी किंवा रिमच्या खोलगट भागात गंजरोधक पोलादी पट्ट्याने आवळून बसविता येतो. जुन्या पोलादी चाकाचा व्हॉल्व्ह मात्र तसाच नव्या चाकात घालू नये. छिद्राचा व्यास, रिमची जाडी व व्हॉल्व्हचा कोन यांत फरक असू शकतो. शिवाय उघडे पितळ ॲल्युमिनियमला लागून राहिले आणि त्यांत ओलावा शिरला, तर ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे निकेलचा मुलामा असलेला व्हॉल्व्ह वापरावा. नव्या चाकाची तबकडी जाड असल्याने लांब बोल्टही लागतात, तो स्वतंत्र विषय आहे.

मोटारीचा संवेदक ट्रकला चालत नाही, कारण ट्रकच्या टायरमध्ये साडेसात ते आठ बार दाब असतो. ट्रकच्या लांबीमुळे व लोखंडी सांगाड्यामुळे रेडिओ संदेश क्षीण होतो. म्हणून लांब वाहनाला संदेश पुढे पाठविणारे जादा उपकरण मागील बाजूस लावतात. बॅटरी बहुधा संवेदकात कायमची बंद केलेली असते. ती संपली की टायर उतरवून पूर्ण संवेदकच बदलावा लागतो.

युरोपीय संघात जुलै 2024 पासून सर्व नव्या ट्रक व ट्रेलरना ही यंत्रणा अनिवार्य आहे. भारतात जुलै 2020 मध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना, ही यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास, स्टेपनीतून सूट मिळाली. मालट्रकचा त्या सूटीत समावेश नाही.

इशाऱ्याची मर्यादा थंड टायरच्या, भरलेल्या गाडीस योग्य अशा दाबावरून ठरवावी. चाकांची अदलाबदल झाल्यावर प्रत्येक संवेदकाची जागा यंत्रणेत पुन्हा नोंदवावी, अन्यथा पडद्यावर मागच्या उजव्या चाकाचा इशारा येतो आणि हवा गेलेली असते डावीकडच्या चाकाची.