घटस्फोटितेचा निवृत्तिवेतनांतील वांटा

सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरींतील एक शिपाई १९९६ सालीं निवर्तला. त्याच्या मागें दोन स्त्रिया होत्या. पहिली विधिपूर्वक विवाहिता. दुसरी, पहिलीचा विवाह मोडलेला नसतांनाच केलेली, आणि तिला तीन अपत्यें. दोघींनीं कज्जा न वाढवितां आपसांत ठराव केला : सेवेबद्दलच्या एकरकमी पैशांपैकीं सुमारें ९० टक्के पहिलीनें घ्यावे, व दरमहाचें निवृत्तिवेतन दुसरीस मिळावें. पुढें पहिली कर्करोगानें वारली. दुसरीनें २००७ ते २०१४ ह्या काळांत सरकारकडे चार अर्ज केले. चारहि फेटाळले गेले. २०१९ सालीं ती मुंबई उच्च न्यायालयांत गेली, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत तेथेंहि तिच्या पदरीं निराशाच आली. पहिला विवाह कायद्यानें संपलेला नसतां केलेला दुसरा विवाह निरर्थक, म्हणून कुटुंब-निवृत्तिवेतनहि नाहीं, असा निर्णय झाला. ठराव त्या दोघींस बांधीत होता. सरकारास तो बांधीत नव्हता.

ही हकीकत घटस्फोटाची नव्हे. पण गेल्या वर्षीं तिची मला तीव्रतेनें आठवण झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आतां पन्नाशी ओलांडलेली, मुद्रांकाचा कागद घेऊन घरीं आली. यजमान सरकारी नोकरींतून निवृत्त. परस्परसंमतीनें घटस्फोट व्हावयाचा होता. दोन्ही घरच्या वडील मंडळींनीं माजघरांत बसून मजकूर ठरविला होता : 'माझ्या निवृत्तिवेतनाचा अर्धा भाग हिला मिळत जाईल, व माझ्या पश्चात् कुटुंब-निवृत्तिवेतनहि हीच घेईल.' अक्षर सुरेख, भाषा शुद्ध. 'गुरुजी, एवढें पुरेल ना?' असें तिनें विचारलें. मी व्याकरण तपासणारा मास्तर. चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि एका परिचित वकिलांच्या ओटीवर जाऊन बसलों.

त्या एका वाक्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. निवृत्तिवेतन हें पतीचें उत्पन्न. कुटुंब-निवृत्तिवेतन हें त्याच्या मृत्यूनंतर सरकार देतें, आणि तें कोणास द्यावें हें महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ ह्यांतील ११६ वा नियम ठरवितो. निवृत्त मनुष्य ठरवीत नाहीं. घटस्फोट झाला कीं स्त्री पत्नी राहत नाहीं, म्हणून पुढें विधवाहि होत नाहीं. (वैधव्य येऊं नये म्हणून आमच्या आज्या व्रतें करीत, येथें तें न आल्यानेंच हानि!) मुलांचा हक्क ठरावीक वयापर्यंत उरतो, तिचा उरत नाहीं. तेव्हां वाक्याचा उत्तरार्ध फोल.

पूर्वार्धांत मात्र जीव आहे, पण तो घरच्या कागदांत नव्हे, न्यायालयाच्या हुकूमनाम्यांत. इंग्लंडांत २००० च्या डिसेंबरापासून घटस्फोटाच्या वेळीं न्यायालय निवृत्तिवेतनाचेच भाग पाडून पत्नीचा वांटा तिच्या नांवें वेगळा करूं शकतें. आपल्याकडे तशी वांटणी नाहीं. येथें मार्ग पोटगीचा. हिंदु विवाह कायदा, १९५५ ह्याच्या २५ व्या कलमान्वयें न्यायालय घटस्फोट देतांना, किंवा त्यानंतर केव्हांहि अर्ज आल्यास, दोघांचें उत्पन्न, मालमत्ता व वर्तन पाहून एकरकमी वा दरमहाची रक्कम ठरवितें. निवृत्तिवेतन त्या हिशेबांत येतेंच. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनीं उत्पन्न व मालमत्तेचें प्रतिज्ञापत्र द्यावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० च्या नोव्हेंबरांत घालून दिलें आहे. स्त्रीनें पुनर्विवाह केल्यास पतीच्या अर्जावरून हुकूम रद्द होऊं शकतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

हुकूम झाला, पण पैसे आले नाहींत तर? १८७१ च्या पेन्शन कायद्याचें ११ वें कलम धनकोच्या जप्तीपासून निवृत्तिवेतनाचें रक्षण करतें. नागपूर खंडपीठापुढें हीच ढाल पुढें करण्यांत आली होती. २०१९ सालीं त्या न्यायालयानें ती बाजूस सारली : पोटगी मागणारी पत्नी ही धनको नव्हे, तिच्यासाठीं निवृत्तिवेतनावर जप्ती येऊं शकते.

हा विचार कांहीं परका नाहीं. दुसरी पत्नी करणाऱ्यानें पहिलीस द्रव्य द्यावें, असा आधिवेदनिकाचा नियम याज्ञवल्क्यानें सांगितला आहे. घरांत ह्या विषयाचा उच्चारहि अशुभ मानणाऱ्या वडिलांस मी हें मुद्दाम ऐकवितों.

राहिला प्रश्न पतीच्या मृत्यूनंतरचा. दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला देण्यास मी बँकेच्या रांगेंत उभा राहतों, तेव्हां मनांत येतें कीं, ह्या रांगेंतील कोणाच्या तरी अंगठ्याच्या ठशावर दुसऱ्याच एका घरची चूल अवलंबून असेल. तो ठसा थांबला कीं निवृत्तिवेतन थांबलें, आणि त्यांतून निघणारी पोटगीहि आटली. ह्यावर तोड २५ व्या कलमांतच आहे : पोटगीबद्दल पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवतां येतो.

विद्यार्थिनीच्या यजमानांचें दोन खोल्यांचें स्वतःचें घर आहे. कागद पुन्हा लिहिला गेला. कुटुंब-निवृत्तिवेतनाचें वाक्य गेलें, दरमहाची निश्चित रक्कम आली, घरावर बोजा आला, आणि सगळा मजकूर हुकूमनाम्यांत घालण्यासाठीं न्यायालयापुढें ठेवण्यांत आला. 'ह्यापुढें कसलीहि मागणी करणार नाहीं' असें एक वाक्य कोणीतरी शेवटीं घातलें होतें. तें तिनें माझ्यासमोर, माझ्याच लेखणीनें, दोन रेघा ओढून खोडलें.