अभ्यासक्रमात आपला विषय कसा जातो?



गटांच्या बैठकांना जाताना एक गोष्ट आम्ही सारखी ऐकतो. बी.कॉम.ला शिकणारी लेक घरात असते. तिला कंपनीचा ताळेबंद मांडता येतो. पण आईने गटाची रोखवही आणि कर्जाची खतावणी पुढ्यात ठेवली, की ती म्हणते, "हे आम्हाला नाही शिकवलं." मग बायका आम्हाला विचारतात, हे कॉलेजात का शिकवत नाहीत? आणि शिकवायचं ठरवतं कोण? आज आपण या दुसऱ्या प्रश्नावर बोलू, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं काय करायचं ते आपलं आपल्याला कळतं.

आपल्याला वाटतं, अभ्यासक्रम म्हणजे वरून आलेली गोष्ट. तसं नाही. प्रत्येक विषय कधीतरी कोणीतरी कागदावर मांडलेला असतो आणि तो कागद चार टेबलांवरून फिरून मंजूर झालेला असतो. 'स्त्री अभ्यास' हा विषयच घ्या. आज तो विद्यापीठांत शिकवला जातो, पदव्या मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी तो नव्हता. १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांनी स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारं केंद्र उभं केलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा 'समानतेकडे' हा अहवाल आला. शेतात, घरात, कामावर बाईची अवस्था काय आहे, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. १९८१ मध्ये एसएनडीटीतच या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र निघालं. असा विषय उभा राहिला. एसएनडीटीचा जन्मसुद्धा तसाच. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, ते मुलींना मायबोलीतून शिकता यावं आणि त्यांच्या आयुष्याला लागणारे विषय शिकवावेत, असं ठरवून. तेव्हा पटावर विद्यार्थिनी होत्या पाच.

बचत गटांचं तसं झालेलं नाही. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडून बघायचं ठरवलं, तेव्हापासून तीस वर्षं उलटली. पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. इतक्या वर्षांत बायकांनी किती वह्या लिहिल्या असतील, त्याची मोजदाद नाही. पण कॉलेजच्या पुस्तकात बचत गट येतो तो बहुधा 'महिला सक्षमीकरण' या धड्यातल्या दोन परिच्छेदांत. व्याख्या, उद्दिष्टे, फायदे, संपला धडा. परीक्षेत पाच गुणांची टीप.

आता टेबलं कुठली ते सांगतो. महाराष्ट्रात विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतो. त्याप्रमाणे प्रत्येक विषयाचं किंवा विषयांच्या गटाचं एक अभ्यास मंडळ असतं. त्यात त्या विषयाचे प्राध्यापक असतात, बाहेरचे तज्ज्ञही घेतात. अभ्यासक्रम तयार होतो तो इथे. पुढे तो विद्याशाखेकडे जातो, मग विद्या परिषदेकडे. पैशाचा प्रश्न असेल तर व्यवस्थापन परिषदही बघते. वरच्या टेबलांवर फारसं काही बदलत नाही. जे घडायचं ते अभ्यास मंडळात घडतं, म्हणून आपलं लक्ष तिथे हवं.

जवळचं कॉलेज विद्यापीठाला नुसतं संलग्न असेल, तर त्याला पदवीचा विषय स्वतःच्या मनाने घालता येत नाही. स्वायत्त असेल तर येतो, त्याचं स्वतःचं अभ्यास मंडळ असतं आणि काम लवकर होतं. म्हणून प्राचार्यांना भेटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: आपलं कॉलेज संलग्न की स्वायत्त?

यापुढचा भाग जरा किचकट आहे, पण इथेच पुष्कळ प्रस्ताव अडतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ ला एक निर्णय काढला आणि पदवीचा अभ्यास क्रेडिटमध्ये वाटून दिला. क्रेडिटला मराठीत श्रेयांक म्हणतात. वर्गात शिकवायचं असेल तर १ क्रेडिट म्हणजे १५ तास. प्रात्यक्षिक असेल तर १ क्रेडिट म्हणजे ३० तास. पदवीच्या एका सत्रात साधारण २२ क्रेडिट असतात. ती वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली आहेत, आपल्या मिसळणाच्या डब्यासारखी. मुख्य विषयाचा कप्पा वेगळा, कौशल्याचा वेगळा, खुल्या ऐच्छिक विषयाचा वेगळा, प्रकल्पाचा आणि समाजात जाऊन करायच्या कामाचा वेगळा.

आपला विषय यातल्या कुठल्या कप्प्यात बसवायचा? पहिल्यांदा कोणीही म्हणेल, खुल्या ऐच्छिकमध्ये टाका, कोणीही घेईल. पण खुला ऐच्छिक विषय मुलांनी आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. म्हणजे गटाच्या हिशेबाचा विषय वाणिज्य शाखेने खुल्या ऐच्छिकमध्ये ठेवला, तर तो बी.ए.ची मुलगी घेऊ शकेल, बी.एस्सी.ची घेऊ शकेल, आणि ज्या बी.कॉम.च्या मुलीवरून हे सगळं सुरू झालं, तीच बाहेर राहील. तिच्यासाठी तो मुख्य विषयाला जोडलेल्या व्यावसायिक कौशल्याच्या कप्प्यात मागावा लागेल. प्रस्तावात कप्प्याचं नाव स्पष्ट लिहा. ते लिहिलेलं नसलं, की "योग्य ठिकाणी समाविष्ट करावे" असा शेरा मारून कागद बाजूला पडतो.

तास किती मागायचे? दोन क्रेडिटचा विषय धरू. दोन्ही वर्गातली घेतली तर ३० तास होतात. एक वर्गातलं आणि एक प्रात्यक्षिकाचं घेतलं तर १५ आणि ३०, म्हणजे ४५ तास. आमचं मत दुसऱ्या वाटणीकडे झुकतं. वही फळ्यावर शिकता येत नाही. एका मुलीने सत्रात गटाच्या ८ बैठकांना दोन-दोन तास बसायचं, हे झाले १६ तास. उरलेल्या १४ तासांत तिने एका गटाचं वर्षाचं दफ्तर जुळवायचं. अडचण एवढीच की बैठका संध्याकाळी, भाकऱ्या थापून झाल्यावर होतात आणि कॉलेज दुपारी सुटतं. परगावच्या मुलीची शेवटची एस.टी. निघून जाते. म्हणून प्रत्येक मुलीला तिच्याच गावचा किंवा शेजारच्या वाडीचा गट द्यावा, असं प्रस्तावातच लिहून टाकावं.

मग येतो विषयाचा मजकूर. प्राध्यापक मंडळी त्याला 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात. हा शब्द ऐकून दबकू नका. विषय शिकून झाल्यावर मुलीला काय करता येईल, एवढंच त्यात लिहायचं असतं. "विद्यार्थिनीला बचत गटाचे महत्त्व समजेल" असं लिहिलं, तर पुन्हा तो पाच गुणांच्या टिपेचाच धडा होईल. महत्त्व समजलं की नाही हे तपासणार कसं? त्याऐवजी असं लिहा: "बारा महिन्यांचं इतिवृत्त आणि रोखवही समोर ठेवून विद्यार्थिनीला प्रत्येक सभासदाची बचत, कर्ज आणि व्याज काढता येईल." हे तपासता येतं. जमलं किंवा नाही जमलं.

व्याजाचं एक उदाहरण देतो, म्हणजे मजकूर किती नेमका असावा ते कळेल. १०,००० रुपये कर्ज, १० महिन्यांत फेड, दरमहा २ टक्के व्याज. दर महिन्याला उरलेल्या मुदलावर व्याज धरलं, तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६० असं उतरत जाऊन एकूण १,१०० रुपये होतात. तेच पूर्ण रकमेवर सरसकट, म्हणजे फ्लॅट लावलं, तर दरमहा २०० प्रमाणे २,००० होतात. दर दोन्हीकडे २ टक्केच, फरक ९०० रुपयांचा. फायनान्सवाला दारात येऊन दर सांगतो, पण व्याज कशावर धरलंय ते सांगत नाही. गटातली बाई हा प्रश्न विचारायला शिकली आहे. असा एक एक प्रश्न आठवून लिहून काढा. हप्ता थकला तर घरी जाऊन बोलायचं कसं, सासूच्या नावावरचं कर्ज सुनेने घेतलं तर काय करायचं, बँकेने कर्जाची फाईल परत पाठवली तर त्रुटी कुठे शोधायची. पुस्तकात यातलं काही नाही, ते तुमच्याकडे आहे.

शिकवणार कोण? इथे आम्ही जरा थांबतो, कारण खरी गोम इथे आहे. कॉलेजात शिकवायला पदव्या लागतात, नेट-सेट लागते. त्यामुळे विषय मंजूर झाला तरी असं होऊ शकतं, की आपल्या वह्यांवरून नोट्स तयार होतील, त्या नोट्सवरून प्राध्यापक शिकवतील आणि गटातली बाई वर्गाच्या दारापर्यंतही पोचणार नाही. विद्या आत आणि बाई बाहेर. हे टाळायचं तर प्रस्तावातच लिहावं लागतं की ४५ तासांपैकी अमुक तास गटाच्या अनुभवी सभासद 'साधनव्यक्ती' म्हणून घेतील, विषयाची जबाबदारी प्राध्यापकांची राहील आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांतले काही गुण गट देईल. बऱ्याच विद्यापीठांत दोन क्रेडिटला ५० गुण असतात. त्यातले दहा जरी गटाच्या हाती आले, तरी मुली बैठकीला वेळेवर येतील! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून एक वाट काढली आहे. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेल्या जाणत्या माणसाला पदवीची अट न घालता शिकवायला बोलावता येतं. मोठ्या कंपन्यांतल्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून ती काढली असावी, असं आमचं मत. तरी त्या कागदाचा दाखला द्यायला काय हरकत आहे? पंधरा वर्षं गट चालवलेल्या बायका आपल्याकडे गावोगाव आहेत.

मानधनाचा रकाना कोरा सोडू नका. कोरा सोडला की "स्वेच्छेने" असं वाचलं जातं. शाल-श्रीफळ छान असतं, पण ज्या दिवशी तास घेतला त्या दिवशीची मजुरी बुडालेली असते.

दफ्तराचीही काळजी घ्या. मुलींना वह्या दाखवायच्या, म्हणजे कोणाचं किती कर्ज आणि कोणाचा हप्ता थकला हे त्यांना दिसणार. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. म्हणून आधी गटाच्या बैठकीत ठराव घ्या. मागच्या, बंद झालेल्या वर्षाचंच दफ्तर द्यायचं, नावांच्या जागी आकडे घालायचे आणि वही घराबाहेर न्यायची नाही. एखादी सभासद नको म्हणाली, तर तिचं पान वगळायचं.

कॉलेजकडून विरोध होईल का? होऊ शकतो, आणि त्यामागे नेहमी वाईट हेतू असतो असं नाही. प्राध्यापकांची पदं तासांच्या हिशेबावर टिकतात. मुलं नव्या विषयाकडे गेली, की जुन्या विषयाचे तास कमी होतात आणि कोणाच्या तरी पदावर गदा येते. ही भीती खरी आहे. तेव्हा कॉलेजातल्या ज्या प्राध्यापकांना आपला विषय जवळचा वाटतो, त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. अभ्यास मंडळात प्रस्ताव मांडतील तेच. आपण बाहेर बसलेलो असणार.

पदवीच्या आत लगेच शिरता आलं नाही, तर दुसरी वाट आहे. कॉलेजं ३० तासांचे प्रमाणपत्र वर्ग चालवतात. नॅकच्या तपासणीत ते दाखवता येतात, त्यामुळे प्राचार्यांनाही त्यात रस असतो. विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्तार विभागही असतो, त्याचं कामच गावापर्यंत पोचायचं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने तर 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणून वर्ग गावातच नेले. असा प्रमाणपत्र वर्ग एक वर्ष चालवा. किती मुली आल्या, त्यांनी किती गटांचं दफ्तर जुळवलं, कुठे चुका सापडल्या, हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी अभ्यास मंडळापुढे नुसती मागणी जाणार नाही, केलेल्या कामाचा हिशेब जाईल.

वेळेचं गणित असं: नवा विषय जूनमध्ये सुरू व्हायचा, तर त्याआधी सगळ्या टेबलांवरून जायला हवा. दिवाळीच्या आधी प्राचार्यांना पत्र गेलं तर बरं. पत्र एका गटाचं नको, ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या ठरावासह असू द्या. सोबत दोन पानी मसुदा जोडा: विषयाचं नाव, कप्पा, क्रेडिट, तास, मुलीला काय करता येईल, कोण शिकवणार, गुण कसे, मानधन किती. भाषा साधी चालेल, त्यांच्या साच्यात बसवायचं काम प्राध्यापक करतील. पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच घरी या.