विश्लेषण : क्रेनमधून माल निसटला, तर भरपाई कोणी द्यायची?

बंदरावर क्रेनने उचललेला माल जहाजात पोहोचण्याआधीच कोसळला, तर नुकसान कोणाच्या माथी? 'ज्याची क्रेन, त्याची जबाबदारी' हे सोपे उत्तर कायद्यात नेहमी टिकत नाही. त्याचे कारण कळण्यासाठी १९५४ सालचा लंडनमधील एक निकाल पाहावा लागतो. त्यातील जहाज कंपनी मुंबईची होती आणि खरेदीदार होते भारत सरकार.

काय होता हा खटला?

पायरीन या ब्रिटिश कंपनीने भारत सरकारला अग्निशमन बंब विकले होते. सौदा 'एफओबी' पद्धतीचा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची. जहाज ठरवले ते भारत सरकारने. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या 'जलआझाद'वर चढवताना एक बंब कठडा ओलांडण्याआधीच खाली पडला. दुरुस्तीचा खर्च आला ९६६ पौंड. सिंदियाने चूक मान्य केली, पण 'हेग नियमांनुसार आम्ही २०० पौंडांपेक्षा जास्त देणे लागत नाही', असे सांगितले.

पायरीनचा युक्तिवाद होता, की बंब जहाजावर पोहोचलाच नाही आणि वाहतुकीचा करारही आमचा नाही, मग ही मर्यादा आम्हाला कशी लागू होईल? न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी तो फेटाळला. माल चढवणे हे एकच सलग काम आहे, कठड्यावरच्या काल्पनिक रेषेने त्याचे दोन तुकडे पाडता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. (अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही हे पटेल. लटकणारा भार कठड्याच्या अलीकडे असो वा पलीकडे, दोरखंडावरचा ताण तोच.) पायरीनच्या हाती पडले २०० पौंड.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'इन्कोटर्म्स' नियमांतून हा कठडा २०१० च्या आवृत्तीत गेला. आता 'एफओबी'मध्ये माल प्रत्यक्ष जहाजावर ठेवला गेल्यावर जोखीम बदलते.

भारतात आज मर्यादा किती?

१९२५ च्या सागरी मालवाहतूक कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. मर्यादेचा हिशेब मात्र जुनाच आहे : प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. मालाचे स्वरूप आणि किंमत आधीच जाहीर करून बिल ऑफ लेडिंगवर नोंदवली असेल, तर ही मर्यादा लागत नाही.

खरी गोम 'नग' या शब्दात आहे. समजा, कंटेनरमध्ये कपड्यांची ५०० खोकी आहेत, एकूण वजन १० टन. बिल ऑफ लेडिंगवर नुसते 'एक कंटेनर' लिहिले, तर कमाल मर्यादा २० हजार एसडीआर. '५०० खोकी' लिहिले, तर तीच ३ लाख ३३ हजारांच्या वर जाते. अर्थात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कोणी देत नाही. तरीही कागदावरच्या एका ओळीने एवढा फरक पडतो, हे अनेक नव्या निर्यातदारांच्या लक्षात येत नाही.

क्रेन तिसऱ्याचीच असेल तर?

माल चढवण्या-उतरवण्याचे काम बहुधा जहाज कंपनी स्वतः करत नाही, स्टिव्हडोर किंवा टर्मिनल चालक करतो. त्याच्यावर थेट दावा लावून मर्यादा चुकवता येईल का? १९६१ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रसायनाचे पिंप पाडणाऱ्या स्टिव्हडोरला मर्यादेचे संरक्षण नाकारले. त्यावर उतारा म्हणून बिल ऑफ लेडिंगमध्ये 'हिमालया' कलम रुळले. जहाज कंपनीचे संरक्षण तिच्या कंत्राटदारांनाही मिळेल, असे त्यात लिहिलेले असते. नाव पर्वतावरून नव्हे, 'हिमालया' नावाच्या जहाजावरून पडले. हे कलम असेल, तर टर्मिनलकडूनही मर्यादेइतकीच रक्कम मिळण्याची शक्यता अधिक.

म्हणून निर्यातदार आधी विम्याकडे जातो. विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग त्याच्या हक्काने जहाज कंपनीच्या मागे लागते. मुदती मात्र कडक आहेत. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात मिळाल्यापासून ३ दिवसांत द्यावी लागते आणि दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. माल पोहोचलाच नाही, तर तो ज्या दिवशी मिळायला हवा होता, तेव्हापासून हे वर्ष मोजतात.