लांबीच्या मापांचे रूपांतर : दैनंदिन व्यवहारातील गणिती चुका आणि त्यांचे निराकरण

प्रस्तावना

भारतात १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक पद्धतीचा स्वीकार झाला व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. तथापि, सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतरही समाजाची बोली मात्र फूट, इंच आणि वारातच अडकलेली आहे. साडी ‘नऊवारी’ असते, माणसाची उंची फुटांत सांगितली जाते आणि जमीन गुंठ्यांत विकली जाते. शासकीय दस्तऐवज मात्र मीटर, सेंटिमीटर व हेक्टर या परिमाणांत असतात. बोली आणि दस्तऐवज यांतील या अंतरामुळे होणाऱ्या चुकांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ संबंध

१९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ वार म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर होय. त्यावरून १ फूट = ३०.४८ सेंमी व १ इंच = २.५४ सेंमी ही मूल्ये मिळतात. हे संबंध स्थूलमानाचे नसून तंतोतंत आहेत. त्यानुसार नऊ वारांची साडी सुमारे ८.२३ मीटर भरते.

दशांश चिन्हाचा घोटाळा

मेट्रिक पद्धती दशमान आहे. फुटात मात्र बारा इंच असतात. ‘पाच फूट चार इंच’ ही उंची अनेकजण ५.४ अशी लिहितात. वास्तविक ५ फूट ४ इंच म्हणजे १६२.५६ सेंमी, तर ५.४ फूट म्हणजे १६४.५९ सेंमी. हा दोन सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक नव्हे. जेथे किमान उंची १६५ सेंमी अपेक्षित असते, तेथे ५ फूट ४ इंच उंचीचा उमेदवार ‘थोडक्यात राहिलो’ असे समजतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ एक इंच कमी असतो. याउलट ५ फूट ५ इंच (१६५.१ सेंमी) उंचीचा उमेदवार केवळ एका मिलिमीटरने पात्र ठरतो. ५ फूट १० इंच ही उंची ५.१० अशी लिहिल्यास तर ती गणिताच्या दृष्टीने ५.४ पेक्षाही कमी ठरते!

लांबीकडून क्षेत्रफळाकडे

दुसरी चूक अधिक खर्चिक आहे. १ मीटर = ३.२८ फूट हे लक्षात ठेवून चौरस मीटरलाही ३.२८ नेच गुणले जाते. क्षेत्रफळासाठी या गुणकाचा वर्ग घ्यावा लागतो; म्हणून १ चौ. मी. = १०.७६ चौ. फूट. ५० चौ. मी. ची सदनिका सुमारे ५३८ चौ. फुटांची असते, १६४ ची नव्हे.

गुंठा आणि आर

३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा (१०८९ चौ. फूट) व ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबारा उताऱ्यावरील आर म्हणजे १०० चौ. मी. गुंठा १०१.१७ चौ. मी. भरत असल्याने दोन्ही एकच मानण्याची प्रथा रूढ झाली आहे. एका गुंठ्यात हा फरक जाणवत नाही. परंतु एक हेक्टर म्हणजे १०० गुंठे नसून ९८.८४ गुंठे होत. गुंठ्यावर भाव ठरवून हेक्टरी क्षेत्र १०० गुंठे धरल्यास खरेदीदार न मिळालेल्या सुमारे १२६१ चौ. फूट जमिनीचे मूल्य मोजतो. एवढ्या जागेत एक लहान घर सहज उभे राहते.

समारोप

सारांश, फूट व इंच नेहमी स्वतंत्रपणे लिहावेत, क्षेत्रफळासाठी गुणकाचा वर्ग घ्यावा आणि करारापूर्वी सर्व मापे एकाच परिमाणात आणावीत. महाविद्यालयीन स्तरावर गणिताच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घराचा सातबारा किंवा करारनामा घेऊन हे रूपांतर करावयास लावल्यास पाठ्यपुस्तकातील कोष्टक जीवनोपयोगी ठरेल, असे वाटते.